ध्येय शोधायला आलात? पार्किंग डावीकडे

पुण्या-मुंबईच्या माणसाला आयुष्याचा अर्थ सापडेनासा झाला की तो आमच्याकडे येतो. आमच्याकडे म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीला. आणि सरकारी नोकराला आमच्याकडे पाठवलं की त्याला आयुष्याचा अर्थ संपल्यासारखा वाटतो. पहिला याला शोधयात्रा म्हणतो, दुसरा शिक्षेची बदली. दोघं कधी कधी आलापल्लीच्या एकाच हॉटेलात शेजारी बसून चहा पितात. एक आल्याच्या आनंदात फोटो काढत असतो, दुसरा इथून सुटायची ऑर्डर कोणामार्फत काढता येईल याचे फोन लावत असतो. दुसऱ्याने इथे टिकावं म्हणून सरकार त्याला एकस्तर वेतनश्रेणी देतं. पहिला स्वतःच्या खिशातून पैसे भरून येतो. दोघांत शहाणा कोण हे तुम्हीच ठरवा. मी इथलाच, माझं मत पक्षपाती धरलं जाईल.

शोधयात्रेचा मार्गही ठरून गेलाय. नागपूरहून वरोरा, आनंदवन. मग ताडोबा, कारण अर्थासोबत वाघही दिसला तर पैसे वसूल. मग आलापल्लीवरून भामरागडच्या रस्त्याने हेमलकसा. परतताना गडचिरोलीहून धानोरा रोडवर शोधग्राम. चार दिवसांत सगळं. पाचव्या दिवशी विमानतळावर बसून फोटोखाली ओळ पडते: 'आयुष्य बदलून गेलं.' हे बदलून गेलेलं आयुष्य सोमवारी सकाळी साडेनऊला जुन्याच खुर्चीत लॉग-इन करतं.

या यात्रेकरूवर माझा राग नाही, बरं का. बिचारा चहा पितो, बांबूचा पेनस्टँड घेतो, दोनचार घरांना हातभार लागतो. राग आहे तो त्याला घरून हुसकावून लावणाऱ्यावर. 'तुमच्या आयुष्याला ध्येय आहे का?' असं भर बाजारात ओरडत फिरणारा जो एक नवा पंथ निघालाय, ट्रेनर, कोच, मेंटॉर आणि तत्सम विभूती, त्यांच्यावर. ज्याचं बरं चाललंय त्याला आधी सांगायचं की बाबा रे, तुझं काही खरं नाही. आणि मग खरं काय ते तीन हप्त्यांत विकायचं. पूर्वी हे काम भूत उतरवणारे करत. ते निदान एका कोंबडीवर भागवायचे.

हल्ली ही मंडळी चंद्रपुरातही उतरतात. लग्नाच्या तारखा नसल्या की लॉन रिकामे असतात, भाड्यात सूट मिळते. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, आणि स्टेजवर कोट घातलेला माणूस. चंद्रपुरात, मे महिन्यात, कोट! ज्याला हवा कळत नाही तो मला माझी सुप्त क्षमता सांगणार. अर्थात माणूस आवाज चढवतो चांगला, मध्येच डोळेही पुसतो. पण आम्ही झाडीपट्टीतली माणसं. शंकरपटाच्या रात्री उजाडेस्तोवर नाटक बघत बसणारी. वडशाच्या नाटक कंपनीतला कुठलाही नट याच्यापेक्षा बरा रडतो, आणि रडून झाल्यावर वर्कबुक विकत नाही.

त्याची पहिली तोफ ठरलेली. येल विद्यापीठ, १९५३ ची तुकडी. फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी पाहिलं तर त्या तीन टक्क्यांकडे उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त पैसा! लॉन अवाक्. पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी आकडे वहीत उतरवून घेतले. आता यातली मौज ऐका. असं संशोधन कधी झालेलंच नाही. खुद्द येलनेच सांगितलंय की आमच्याकडे असला काही प्रकार घडलेला नाही. म्हणजे काहीतरी लिहून ठेवल्याने नक्की कोणाचं भलं झालं असेल, तर ही गोष्ट ज्याने लिहिली त्याचं.

दुसरी तोफ एकवीस दिवसांची. एकवीस दिवस एखादी गोष्ट करा, सवय लागलीच म्हणून समजा. हा आकडा कुठून आला? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. १९६० साली त्याने पुस्तकात लिहिलं की नाकाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या नाकाची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. पुढे 'कमीत कमी' गळून पडलं, मग नाकही गळून पडलं, उरले एकवीस दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी नंतर खरोखर मोजून पाहिलं, तेव्हा माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत हिशेब निघाला. पण २५४ दिवसांच्या कोर्सला कोण पैसे भरणार? त्यापेक्षा नाक बरं.

तिसरी तोफ: पहाटे पाचला उठा, जगातले सगळे यशस्वी लोक उठतात. एटापल्लीकडच्या बाया मार्च-एप्रिलात मोह वेचायला त्याच्याही आधी उठतात, कारण उशीर झाला की झाडाखालचा मोह गुरांच्या नाहीतर अस्वलाच्या पोटात गेलेला असतो. अस्वलही पहाटेच उठतं. त्यालाही यशस्वी उद्योजकांत धरायचं काय?

मग येतं ते 'स्मार्ट' ध्येय. नेमकं, मोजता येणारं, जमण्यासारखं वगैरे वगैरे, शेवटी मुदत घातलेलं. हे सूत्र जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागाराने १९८१ साली एका व्यवस्थापनाच्या मासिकात मांडलं. कंपनीच्या मॅनेजरांनी आपल्या खात्याची उद्दिष्टं नीट शब्दांत कशी लिहावीत, एवढाच त्याचा विषय. आज त्याच फॉर्मात लोक आपला संसार आणि मोक्ष भरून देताहेत. जमण्यासारखा मोक्ष, एकतीस मार्चच्या आत.

मग ध्येयाचं शास्त्र सगळंच थोतांड का? छे. उलट खरं संशोधन आहे, भक्कम आहे, आणि गंमत म्हणजे ते जंगलातलंच आहे. गॅरी लॅथम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात लाकूड वाहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांवर प्रयोग केला. ड्रायव्हर कायद्याने जेवढं वजन भरता येतं त्याच्या साठेक टक्केच भरत होते. 'जमेल तितकं भरा' हे सांगून झालं होतं, उपयोग शून्य. मग त्यांना नेमका आकडा दिला: चौऱ्याण्णव टक्के. जास्तीचा पैसा नाही, फक्त आकडा आणि शाबासकी. भरणा नव्वदच्या घरात गेला. एडविन लॉक आणि लॅथम यांचा ध्येयसिद्धांत उभा राहिला तो अशा प्रयोगांवर. नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं की काम वाढतं, हे सोळा आणे खरं आहे.

लाकडाच्या डेपोशेजारी जन्म काढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहा. तो पहिला प्रश्न विचारेल: ट्रक कोणाचा जी? जंगल कोणाचं? कुठलं झाड तोडायचं, किती, आणि माल कोणाच्या गिरणीत जायचा, हे चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आधीच ठरून गेलेलं होतं, आणि ते ड्रायव्हरने ठरवलेलं नव्हतं. ट्रक भरायचा असेल तर उद्दिष्ट जरूर ठेवा. आयुष्यात भरायचं काय, हे सांगण्याचा दावा लॅथम साहेबांनी केलेला नाही. तो दावा कोटवाल्याचा.

आणि हा कोटवाला शेवटी काय करतो? पडद्यावर आमचीच माणसं आणतो! आनंदवनचे बाबा आमटे, हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, शोधग्रामचे अभय आणि राणी बंग. मागे वाद्यसंगीत. 'बघा, यांनी ध्येय ठरवलं आणि गाठलं!' इथे माझा कूलर बंद पडतो.

बाबा आमट्यांनी काय ठरवलं होतं? वकील माणूस, वरोऱ्याचा उपनगराध्यक्ष. सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून मैल्याची पाटी डोक्यावर घेतलेला. एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि बाबा भ्याले. भिऊन पळाले. ज्या भीतीने आपण पळालो तिची लाज वाटली, आणि त्या लाजेतून पुढे आनंदवन उभं राहिलं. हे सगळं बाबांनी स्वतःच सांगितलेलं आहे, मी काही नवा शोध लावत नाही. आता हे स्मार्टच्या फॉर्मात भरून दाखवा. 'मी येत्या तिमाहीत एकदा घाबरून पळ काढीन.' नेमकं आहे, मोजता येतं, जमण्यासारखं तर आहेच आहे.

बंग पती-पत्नी १९८४ साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. सुरुवातीच्या संशोधनांतलं एक सिकलसेलवर होतं. शास्त्रीय दृष्टीने उत्तम, नेमकं, मोजलेलं. पण लोकांनी ते मागितलेलंच नव्हतं. जिज्ञासा डॉक्टरांची होती. ही कबुली डॉ. बंगांनीच दिलेली आहे. ध्येय होतं, आकडे होते, आणि तरी चुकीच्या दारात उभं होतं. कोटवाल्याच्या स्लाइडवर हा भाग नसतो. असला तर वर्कबुक खपणार कसं?

मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त आठ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच समजणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांना घाम फुटला. दवाखाना कसा हवा हेही विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं आदिवासींनी सांगितलं; म्हणून शोधग्रामचा दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. एमबीए झालेला कोणी 'ब्रँडिंग'ला बोलावला असता तर त्याने काचेचा दर्शनी भाग सुचवला असता.

आता मोजमापाचं ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल याला आकड्यांचंच वावडं आहे. गावात तान्ही मुलं न्यूमोनियाने जात होती. मुलाचा श्वास मिनिटाला किती हे कळलं तर न्यूमोनिया ओळखता येतो. पण ज्या दाईला आकडे मोजण्याची सवयच नाही, तिने साठापर्यंत कसं मोजायचं? मग एक श्वासमापक यंत्र निघालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, पहिली दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हिरवे मणी संपून लाल मण्याची पाळी वाळू संपायच्या आत आली, तर न्यूमोनिया, औषध सुरू. बस्स. ध्येय मोजायची एवढी देखणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिच्यावर कुठल्याही थोर पुरुषाचं सुवचन छापलेलं नाही.

त्या मण्यांपासून पुढे घरीच नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत बाया तयार झाल्या. ३९ गावांत प्रयोग, शेजारच्या ४७ गावांशी तुलना, १९९९ साली पुन्हा 'लॅन्सेट'. १९८८ मध्ये या गावांत हजारामागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २००३ पर्यंत आकडा तिसाच्या घरात आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. पंधरा वर्षं, बघा. कोटवाल्याचं पॅकेज नव्वद दिवसांचं असतं, सोबत प्रमाणपत्र.

ध्येय न गाठल्याची विद्वत्ता मात्र सरकारकडून शिकावी. गडचिरोलीत बायांनी आणि गावांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायाही मग चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून आमच्याही जिल्ह्यात बंदी आली. तारीख बघून तेव्हाच काही जण गालात हसले होते. २०२१ मध्ये बंदी उठली. कारण काय दिलं? अवैध दारू वाढली, अंमलबजावणी होईना. अंमलबजावणी कोणी करायची होती? ज्यांनी हे कारण दिलं त्यांनीच. परीक्षेत नापास होतोय म्हणून विषयच रद्द करून टाकणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. बंदी असावी की नसावी यावर मी तुमच्याशी रात्रभर भांडेन; पण मोर्चात चाललेल्या बायांना 'तुमचं उद्दिष्ट वास्तववादी नव्हतं' हे ऐकवणाऱ्याशी बोलायलाही मी बसणार नाही.

आता ज्या गावासाठी मी हा सगळा पसारा मांडला तिथे येतो. शोधग्रामहून त्याच रस्त्याने पुढे गेलं की धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा लागतं, कागदोपत्री मेंढा-लेखा. गोंडांचं छोटं गाव. शोधयात्रेच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. अभ्यासक येतात, पण फोटोवाल्यांची निराशा होते. वाघ नाही, हेमलकशासारखं बिबट्याचं पिल्लू नाही, पडद्यावर दाखवायला एखादा एकटा महापुरुषही नाही. गावचे पुढारी देवाजी तोफा यांना विचाराल तर तेही ग्रामसभेकडे बोट दाखवतील.

ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांत इथली गावं आणि जंगल बुडणार होतं. लोक उठले, धरणं थांबली. पण नको ते थांबवल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरला, आणि तो मेंढ्याने सोडवायला घेतला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा अभ्यासू मित्र गावाला मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. ती भिंतीवर रंगवून मंडळी घरी गेली नाहीत. अभ्यासगट बसवले: कायदा वाचायचा, जंगल समजून घ्यायचं, चर्चा करायची. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत चालणार नाही. एकाला पटलं नाही तर पुन्हा बसायचं. अरे बाप्पा! कोटवाल्याला हे सांगितलं तर तो बेशुद्ध पडेल. त्याच्या शब्दकोशात 'नकारात्मक लोकांना आयुष्यातून काढून टाका' असतं. मेंढ्यात नकार देणाऱ्यासाठी अख्खं गाव थांबतं.

वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला म्हणजे काय झालं? काहीच नाही. जंगलात बांबू उभा, बांबू गौण वनोपज असं नवा कायदा म्हणतो, पण १९२७ चा जुना कायदा त्याला तेव्हा झाडांत मोजत होता, आणि वनखात्याला बरोब्बर जुनाच पाठ. तोडाल तर तोडा, वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, देणार नाही! टीपी नाही तर ट्रक नाही, ट्रक नाही तर गिऱ्हाईक नाही. त्याच मुलखातला बांबू पिढ्यान् पिढ्या सवलतीच्या दरात बल्लारपूरच्या पेपर मिलकडे जात होता, तेव्हा मात्र हे परवाने कधी अडल्याचं ऐकिवात नाही. तुमच्या वार्षिक ध्येय-डायरीचा कागद कुठल्या बांबूचा, हे कधी विचारलंय? 'स्वतःचा शोध घ्या' असं ज्या पानावर छापतात ते पान बहुधा कोणाच्या तरी गावातून उचललेलं असतं.

गावाने ना स्वतःचा शोध घेतला ना आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' म्हटलं. टीपी कोणी द्यायची एवढा एकच, रुक्ष, कारकुनी प्रश्न त्यांनी धरून ठेवला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे परवाना मिळाला एवढंच नव्हे, परवाना देणारी आता ग्रामसभा! अशा ध्येयाचं व्हिजन बोर्ड कसं करणार, सांगा. मध्यभागी टीपी-बुकाचा फोटो, भोवती बदामाची चित्रं? आणि केंद्र सरकारला बांबू जुन्या कायद्यातल्या झाडांच्या यादीतून काढायला २०१७ उजाडलं. एका गावाला जे कळलं होतं ते दिल्लीला कळायला लागलेला हा वेळ. यावर एकवीस दिवसांचा काही कोर्स असेल तर मी फी भरायला तयार आहे.

आणि इकडे सरकारने आम्हालाच ध्येय नेमून दिलंय! २०१८ च्या जानेवारीत देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' हे नाव दिलं; ११२ जिल्ह्यांच्या त्या यादीत गडचिरोली आहे. ४९ निर्देशांक, आणि दर महिन्याला प्रगतीचा डेल्टा काढून क्रमवारी. कल्पना वाईट नाही. लस किती बाळांना दिली हे कोणी मोजत असेल तर मोजू द्या, मण्यांचं कौतुक मी वर केलंच आहे. पण मणी त्या बाईच्या बोटांत होते, तिच्याच गावच्या बाळासाठी. हा डेल्टा कलेक्टर कचेरीतल्या ऑपरेटरच्या बोटांत असतो, आणि महिन्याच्या अखेरीस त्याला घाम फुटलेला असतो. कोणी त्याला सांगावं, भाऊ, घाबरू नको, ट्रक चौऱ्याण्णव टक्के भरला की घरी जा.

मेंढ्याची आकांक्षा मात्र या ४९ खान्यांत मावली नाही. २०१३ साली गावाने आणखी एक ठरवलं. सगळ्यांनी आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायची, महाराष्ट्र ग्रामदान कायद्याप्रमाणे. तो कायदा १९६४ चा. विनोबांच्या चळवळीनंतर फाइलीत निजलेला. आजच्या काळात स्वतःची जमीन गावाला देणारं गाव! एक जण जरी नको म्हणाला असता तर पुन्हा बसले असते. बसून बसून एकमत केलं. कोटवाल्यांची सगळी मिळून जेवढी परिवर्तनं होत नाहीत तेवढं एका ठरावात झालं. मग सरकारचं काम उरलं ते फक्त कायदा स्वतःचाच आहे हे ओळखून कागदावर सही करायचं. त्यासाठी गावाला वर्षं मोजावी लागली आणि कोर्टाची पायरीही चढावी लागली.

त्या वर्षांत दर महिन्याला क्रमवारी मात्र न चुकता लागत राहिली. ४९ निर्देशांक मी वरपासून खालपर्यंत वाचले आहेत. कुपोषण आहे, बँक खाती आहेत, शाळेतले संडास आहेत. 'लोकांनी स्वतः ठरवलेल्या गोष्टीची फाइल या महिन्यात किती टेबलं पुढे सरकली' असा पन्नासावा रकाना काही कुठे दिसला नाही.